आपली एमएच पासिंगची गाडी परदेशात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या गाडीने नेपाळ-भूतान करून येणारी मराठी कुटुंबं आता नवलाईची राहिलेली नाहीत. युरोपापर्यंत मजल मारणारेही आहेत. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. शुल्कं आणि नाक्यांच्या वेळा बदलत राहतात, त्यामुळे ज्या आकड्यांची खात्री आहे तेवढेच लिहिले आहेत.

भारतात नोंदलेली गाडी परदेशात चालवायला कायद्याने परवानगी आहे का?

आहे. रस्ते वाहतुकीचा १९४९ चा जिनिव्हा करार भारताला लागू आहे. त्यात सहभागी असलेले देश एकमेकांची वाहन नोंदणी आणि आंतरराष्ट्रीय परवाना मान्य करतात. म्हणून थोड्या दिवसांसाठी गेलेल्या गाडीला तिथलं पासिंग करावं लागत नाही.

पण वाहतुकीचा कायदा वेगळा आणि कस्टम्सचा वेगळा, हे आधी डोक्यात पक्कं करा. गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी पहिल्यातून मिळते, ती देशात आणायची परवानगी दुसऱ्यातून. परक्या देशाच्या लेखी तुमची गाडी म्हणजे आयात कर न भरता, परत नेण्याच्या बोलीवर आत आणलेला माल. नाक्यावर अडकलेल्या बहुतेकांचं लायसन्स आणि आरसी चोख असते. अडचण येते ती या बोलीच्या कागदांत.

कार्नेट म्हणजे काय?

पूर्ण नाव कार्नेट द पॅसाज आँ दुआन. ही गाडीसाठीची कस्टम्सची पुस्तिका असते आणि ती एक वर्ष चालते. गाडी त्या देशात विकली गेली किंवा राहून गेली, तर तिथला आयात कर भरण्याची हमी पुस्तिका देणारी संस्था घेते. त्या भरवशावर कस्टम्स तुमच्याकडून नाक्यावर अनामत मागत नाही.

प्रत्येक देशासाठी एक पान. पानाचे आडवे तीन भाग असतात. आत शिरताना कस्टम्सचा माणूस खालचा भाग फाडून ठेवून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर प्रवेश आणि निर्गमन असे दोन्ही शिक्के उमटलेले असले पाहिजेत. हा वरचा तुकडाच तुमचा पुरावा. त्यावर निर्गमनाचा शिक्का नसेल, तर त्या देशाच्या दफ्तरी तुमची गाडी अजून तिथेच आहे. मग ती प्रत्यक्षात कोल्हापुरात तुमच्या दारात उभी असली तरी कराची मागणी येऊ शकते.

म्हणून खिडकीवरून हलण्याआधी पान उघडून बघा. शिक्का वाचता येतो का, तारीख बरोबर आहे का, सही झाली आहे का, आणि फाडलेला भाग योग्यच आहे ना. मागे ट्रकवाले कितीही हॉर्न वाजवोत, एवढी दोन मिनिटं घ्याच.

कार्नेट मिळतं कुठे आणि पैसे किती अडकतात?

गाडी ज्या देशात नोंदलेली असेल तिथल्या अधिकृत मोटार संघटनेकडूनच ते घ्यावं लागतं. मुंबईत चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम कित्येक वर्षं करत आली आहे. संस्थेचं शुल्क असतंच, पण खरा भार बँक गॅरंटीचा किंवा अनामतीचा. ही रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश यांवर ठरते. इराणसारखा जबर आयात कर असलेला देश यादीत आला की ती फुगते. उगाच "असू दे" म्हणून देश वाढवू नका.

अर्जातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून उतरवू नका, गाडीवरून उतरवा. आरटीओत घेतात तशी पेन्सिल प्रिंट काढा आणि ती आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत आरसीत सापडली, तर आधी आरटीओतून दुरुस्त करून घ्या. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात नंबर वाचणारा अधिकारी कुठल्या ना कुठल्या नाक्यावर भेटतोच, आणि त्याला एक अक्षर वेगळं दिसलं की त्याच्या लेखी ही दुसरी गाडी असते.

कार्नेट सगळीकडे लागतं का?

नाही. नेपाळ आणि भूतानमध्ये भारतीय गाड्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये पर्यटकाच्या गाडीला ते लागत नाही. रशिया आणि मध्य आशियातले देश नाक्यावरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. इराण, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया इथे मात्र ते हवंच. नुसतं काठमांडू-पोखरा करायचं असेल, तर कार्नेटच्या भानगडीत पडू नका.

नेपाळला जायचंय. नाक्यावर काय करावं लागतं?

माझं मत विचाराल तर पहिली परदेशवारी नेपाळचीच करा. वाहतूक डाव्या बाजूने, पाट्यांची लिपी देवनागरी, आणि नागपूरहून जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर करत सोनौली गाठता येतं. रक्सौल, रुपईडिहा, बनबसा आणि सिलिगुडीजवळचं पानीटंकी हे बाकीचे सोयीचे नाके.

पलीकडे गेल्यावर भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टम्सचं कार्यालय, शोधायचं. मूळ आरसी, लायसन्स आणि किती दिवस राहणार ते सांगायचं. दिवसागणिक शुल्क नेपाळी रुपयांत भरून पावती घ्यायची. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा विनिमय दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, निव्वळ आधारवर विसंबू नका.

पावतीवरच्या तारखेकडे नीट लक्ष द्या. नेपाळचे सरकारी कागद विक्रम संवतात चालतात. वर्ष इंग्रजी वर्षाच्या ५६-५७ वर्षं पुढे, महिने बैशाख, जेठ, असार असे, आणि महिने सूर्यावर चालत असल्यामुळे आपल्या पंचांगातल्या तिथीशीही ते जुळत नाहीत. परतीची मुदत इंग्रजी तारखेने कोणती, हे खिडकीवरच विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या. मुदत उलटली की दंड बसतो. ठरवलंय त्यापेक्षा एक दिवस जास्तीचा भरून ठेवावा हे उत्तम, कारण पावसाळ्यात नारायणघाट ते मुगलिंग या पट्ट्यात दरड आली की तासन् तास रस्ता बंद राहतो. भारतीय गाडीला नेपाळी आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात. ते वर्ष साउन महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं.

परतताना भन्सारचा कागद नाक्यावर दाखवून नोंद बंद करून घ्या. इथे कोणी हात धरून थांबवत नाही, म्हणून लोक सरळ पुढे निघून येतात. असं करू नका.

आणि भूतान?

आपल्या सीमेवरच्या जयगावला लागून असलेल्या फुंत्शोलिंगहून आत जायचं. त्या गावापुरतं फिरायला फारसं काही लागत नाही, पण पुढे पारो-थिम्पूला जायचं तर माणसांचा परवाना वेगळा आणि गाडीचा वेगळा. भारतीय पर्यटकाला शाश्वत विकास शुल्क म्हणून प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये पडतात. बाहेरच्या गाडीवरही दररोजचा आकार आहे. चार-पाच दिवसांहून अधिक राहणार असाल, तर गाडी जयगावला ठेवून तिथली टॅक्सी घेणं स्वस्त पडेल का, हा हिशेब निघण्याआधी करा.

आंतरराष्ट्रीय परवाना कसा काढायचा?

परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, १,००० रुपये शुल्क, आणि तुमचं लायसन्स ज्या आरटीओत आहे तिथून परवाना. तो एक वर्ष चालतो. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय दाखला आणि आधीच व्हिसा हातात असण्याची अट काढली. ऑगस्ट २०२२ पासून देशभर एकच नमुना आला आणि त्यावर क्यूआर कोड असतो. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसता हा परवाना चालत नाही.

लांबच्या प्रवासात एक खाचखळगा आहे. भारत १९४९ च्या करारातला, पण कझाकस्तान आणि उझबेकिस्तान १९६८ च्या व्हिएन्ना करारातले. त्या बाजूला लायसन्सचं रशियन भाषेतलं नोटरी केलेलं भाषांतर खिशात असलेलं बरं. चीनमध्ये हा परवाना चालतच नाही. तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स आणि गाडीला तात्पुरती चिनी नंबरप्लेट घ्यावी लागते.

गाडीला मराठी नंबरप्लेट आहे. चालेल का?

नाही. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नंबर रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच असायला हवा, आणि जिनिव्हा करारही तेच सांगतो. मराठीचा अभिमान मागच्या काचेवर हवा तेवढा मिरवा, प्लेटवर नको. टोलचे कॅमेरे तो नंबर वाचू शकत नाहीत आणि परदेशी पोलीसही.

शिवाय मागे पांढऱ्या लंबवर्तुळात काळ्या अक्षरांत आयएनडी हे देशाचं चिन्ह लावायचं. अक्षरं किमान ८ सेंटीमीटर उंच. हाय सिक्युरिटी प्लेटच्या डाव्या कडेला निळ्यात हीच अक्षरं असतात, पण ती फार लहान आहेत. वेगळं स्टिकर लागतंच.

माझा इथला विमा परदेशात चालतो का?

आपोआप नाही. भारतीय मोटार विम्याची भौगोलिक हद्द जादा प्रीमियम भरून वाढवता येते, आणि ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपुरतीच. विमा कंपनीकडे "जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन" मागा. हा प्रीमियम किरकोळ आहे, तरी नेपाळला जाणारे बरेचजण तो घेत नाहीत. डोंगरातल्या वळणावर कोणाला धडक बसली तर काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. एजंट "काही लागत नाही" म्हणाला तरी शेरा पॉलिसीवर छापून घ्या.

पुढच्या देशांत प्रत्येक नाक्यावर तिथला थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. युरोपात एका देशाचा गाडीचा विमा दुसऱ्या देशात मान्य करणारी ग्रीन कार्ड नावाची पद्धत आहे. भारत तिच्यात नाही, म्हणून युनियनच्या पहिल्या नाक्यावर सीमा-विमा घ्यायचा, तो मग पुढच्या देशांतही चालतो. हा विमा समोरच्याच्या नुकसानीचा असतो. तुमच्या गाडीचं काय झालं तर खर्च तुमचाच.

मुंबईहून रस्त्याने थेट युरोप गाठता येतो का?

नकाशावर येतो. प्रत्यक्षात त्या त्या वर्षी कुठली सीमा उघडी आहे त्यावर सगळं ठरतं. पाकिस्तानमार्गे जाणारा जुना सरळ रस्ता आपल्यासाठी बंद आहे. अटारीचा नाका एप्रिल २०२५ मध्ये सरकारने बंद केला. मणिपूरमधल्या मोरेहहून म्यानमार ओलांडून थायलंडला जाण्याची वाट २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाची राहिली नाही. उरतो नेपाळ-तिबेटचा रस्ता, रसुवागढी ओलांडून केरुंगमध्ये उतरणारा. तिथला मैत्री पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. म्हणजे हाही रस्ता "आहे" असं धरून व्हिसा, तिकिटं-बिकिटं काढण्यात अर्थ नाही, निघण्याआधी ताजी खबर घ्यायची.

चीनमध्ये स्वतःच्या गाडीने शिरायचं तर परवानाधारक एजन्सी आणि पूर्ण वाटभर सोबत गाइड लागतो. मार्ग आणि तारखा आधी ठरवून द्याव्या लागतात. एकट्या गाडीला हा खर्च झेपत नाही, म्हणून लोक चार-पाच गाड्यांचा गट करतात. पलीकडे ३,७५२ मीटर उंचीच्या तोरुगार्त खिंडीतून किर्गिझस्तानात उतरलं की पुढचा प्रवास बराच मोकळा होतो.

दुसरा पर्याय जहाजाचा. न्हावा शेवाहून कंटेनरमध्ये गाडी दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवायची आणि आपण विमानाने जायचं. २० फुटी कंटेनरमध्ये एक गाडी बसते, ४० फुटीमध्ये दोन. टाकीत इंधन अगदी थोडं ठेवायचं, बॅटरी सोडवायची, आत सामान भरायचं नाही. सीएचएला, म्हणजे बंदरावरची कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटला, पहिल्याच दिवशी सांगा की ही गाडी कार्नेटवर जाते आहे, निर्यात म्हणून नाही. बिलात जहाजभाड्यापेक्षा दोन्ही बंदरांवरचे हाताळणीचे आणि साठवणुकीचे आकार जास्त त्रास देतात. ते लेखी घ्या.

स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूकही उजवीकडे. जमेल का?

जमतं. खरी अडचण ओव्हरटेक करताना येते, कारण पुढच्या ट्रकच्या आडून समोरचं दिसत नाही. शेजारी बसणाऱ्याने बघून सांगायचं आणि गाडी चालवणाऱ्याने अंतर जरा जास्त ठेवायचं. टोलनाक्यावर तिकीट घ्यायचं कामही शेजारी बसणाऱ्याकडेच येतं.

हेडलाइटचं कोणी सांगत नाही. आपल्या गाडीचा डिपर डाव्या कडेला जास्त उजेड टाकतो. उजवीकडून चालताना तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात, त्या लावा. ब्रिटनमध्ये वाहतूक पुन्हा डावीकडे, तिथे काढून टाका.

इंधनाचं काय? गाडी बीएस६ डिझेल आहे.

बीएस६ गाडीला १० पीपीएम गंधकाचं डिझेल लागतं. नेपाळमध्ये चिंता नाही, तिथलं इंधन इंडियन ऑइलकडूनच जातं. मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. युरोपातही डिझेल त्याच दर्जाचं. मधल्या टापूत, विशेषतः मध्य आशियातल्या लहान गावांत, दर्जाची खात्री नसते आणि जास्त गंधकाने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या पंपांवर टाकी भरून घ्या. गाडी निवडायची मुभा असेल, तर लांबच्या प्रवासाला साधी पेट्रोल गाडी कमी डोकेदुखीची.

भारतातच विकल्या जाणाऱ्या मॉडेलचे पार्ट परदेशात मिळत नाहीत. फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड, क्लच सेट आणि एक सेन्सर-संच सोबत असू द्या.

गाडीवर कर्ज आहे किंवा ती वडिलांच्या नावावर आहे.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी, गाडी देशाबाहेर नेण्यास हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेली. दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं इंग्रजी अधिकारपत्र, त्यात गाडीचे सगळे नंबर आणि देशांची नावं. कंपनीची गाडी असेल तर लेटरहेडवर.

युरोपात किती दिवस ठेवता येते? तिथे राहणारा भाऊ ती चालवू शकतो का?

युनियनबाहेर राहणाऱ्याची खासगी गाडी ६ महिन्यांपर्यंत करमुक्त ठेवता येते. ब्रिटनमध्ये १२ महिन्यांत ६ महिने. जर्मनीत राहणारा भाऊ अधूनमधून, तुमच्या सांगण्यावरून चालवू शकतो, पण त्या वेळी तुम्ही स्वतः युनियनच्या हद्दीत असला पाहिजे. गाडी त्याच्याकडे ठेवून तुम्ही सुट्टीपुरते सांगलीला आलात आणि तो तिने ऑफिसला गेला, तर आयात कर लागू शकतो.

जर्मन शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत परदेशी गाडीलाही हिरवं स्टिकर लागतं. स्वित्झर्लंडच्या महामार्गांना ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, घ्यावं लागतं, मग तुम्ही एकच दिवस फिरा.

गाडी तिथेच चोरीला गेली किंवा अपघातात संपली तर?

पोलिसांचा लेखी अहवाल घ्या आणि त्याच दिवशी कस्टम्सला आणि कार्नेट देणाऱ्या संस्थेला कळवा. भंगार झालेली गाडीसुद्धा कस्टम्सच्या परवानगीशिवाय सोडून देता येत नाही. गाडी नष्ट केल्याचा दाखला कस्टम्सकडून मिळेपर्यंत हमी सुटत नाही.

निर्गमनाचा शिक्का राहूनच गेला. आता?

कार्नेटमध्ये गाडी कुठे आहे हे प्रमाणित करणारा एक दाखला असतो. परत आल्यावर अधिकृत अधिकाऱ्याला गाडी प्रत्यक्ष दाखवायची, तो नंबर ताडून सही-शिक्का देतो. संस्था तो पुरावा त्या देशाच्या कस्टम्सपुढे ठेवते. पुढच्या देशाचा प्रवेशाचा शिक्काही उपयोगी पडतो. काम होतं, पण वेळ जातो आणि तोवर अनामत अडकून राहते.

बहीण दुबईत असते. तिची तिथली गाडी पुण्याला आणायची आहे.

तिचं कायमचं वास्तव्य भारताबाहेर असेल आणि ती फिरायला येत असेल, तर कार्नेटवर ६ महिन्यांपर्यंत गाडी आणता येते. परदेशी खासगी गाड्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यानुसार गाडीत वैध नोंदणीपत्र, लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि मूळ देशात लागत असेल तर पीयूसी हवं. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही. भारतातल्या भारतात स्थानिक प्रवासी किंवा माल त्या गाडीतून नेता येत नाही.

दुबईची गाडी डाव्या स्टिअरिंगची असणार. मोटार वाहन कायद्याचं कलम १२० सांगतं की अशा गाडीला नियमांत सांगितलेलं, चालू स्थितीतलं इशारा देणारं उपकरण हवं. आजच्या गाड्यांना इंडिकेटर असतातच, ते चालू असल्याची खात्री करा.

गाडी कायमची इथेच ठेवायची असेल तर तो मार्ग पूर्ण वेगळा. वापरलेल्या गाडीच्या आयातीला स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि गाडी ३ वर्षांहून जुनी चालत नाही. दुबईची गाडी पहिल्याच अटीवर बाद होते. बहिणीला ती तिथेच विकायला सांगा आणि इथे दुसरी घ्या.